मेंढीला कुबड्या देता येत नाहीत: मोठ्या जनावरांवर ऑर्थो रिसर्च सुरू करणाऱ्यांसाठी

दर वर्षी एखादा तरी फोन येतोच. "सर, आमच्याकडे एक बोन स्कॅफोल्ड आहे, उंदरात मस्त रिझल्ट आले, आता मेंढीत टाकून बघायचंय, पुढच्या महिन्यात जमेल का?" स्कॅफोल्ड म्हणजे ज्यावर नवीन हाड वाढावं असा साचा. फोन करणारा ऑर्थोचा रेसिडेंट असतो नाहीतर बायोमटेरियलवाला पीएचडीचा विद्यार्थी, आणि पुढच्या महिन्यात काहीही जमत नाही हे त्याला सांगण्यात माझा अर्धा तास जातो. मी जनावरांचा डॉक्टर, सर्जरीवाला, असल्या प्रयोगांत भूल आणि नंतरची देखभाल बहुतेक माझ्याकडेच येते. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही माणसाच्या टिबियाला, म्हणजे नडगीच्या हाडाला, प्लेट लावता आणि सांगता, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. मेंढी भुलेतून बाहेर आली की तासाभरात उभी राहते, त्याच पायावर, आणि शेजारच्या मेंढीकडे चालायला लागते. जनावर कुठलं, प्लेट केवढी, जमीन कशी, भूल कुठली, सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं. ऑपरेशन हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरंच.

१. मोठं जनावर खरंच लागतंय का?

मटेरियल शरीराला चालतं का एवढंच बघायचं असेल तर उंदीर-ससा पुरे. स्क्रू किती ताकदीने धरतो हे बघायचं असेल तर कडॅव्हरचं, म्हणजे मृतदेहाचं, हाड किंवा सिंथेटिक हाड पुरे. मोठं जनावर तेव्हा लागतं जेव्हा माणसाच्या मापाचं इम्प्लांट, माणसासारखं वजन आणि मोठी गॅप एकत्र तपासायची असते, किंवा सर्जरीची पद्धतच नवीन असते. उदाहरण सांगतो, बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या मार्था मरे यांनी तुटलेला एसीएल (गुडघ्यातला एक लिगामेंट) काढून न टाकता मध्ये स्कॅफोल्ड घालून शिवायची पद्धत बरीच वर्षं डुकरांच्या गुडघ्यात तपासली, मग माणसांत ट्रायल, आणि अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी डिसेंबर २०२० मध्ये. तिथे मोठ्या जनावराशिवाय पर्यायच नव्हता कारण उंदराच्या गुडघ्यात ते स्कॅफोल्ड बसवणार कुठे.

तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर अजून जनावराकडे येऊ नका.

२. कुठलं जनावर

लांब हाडातली गॅप, प्लेट, नेल, बोन ग्राफ्ट यासाठी मेंढी. शांत असते, कळपात राहते, जगभर डेटा भरपूर. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या एओ रिसर्च इन्स्टिट्यूटने प्लेटिंगबद्दल जे शिकवलं त्यातलं खूप काही मेंढ्यांवरच तपासलेलं आहे. पण मेंढीचं हाड म्हणजे माणसाचं हाड नव्हे. तरुण मेंढीचं कॉर्टिकल (बाहेरचं टणक) हाड प्लेक्सिफॉर्म, म्हणजे विटांसारख्या थरांचं, असतं, माणसासारखी हॅवर्शियन (रक्तवाहिनीभोवती गोल कड्यांची) रचना तिच्यात वयानुसार उशिरा येते, आतलं जाळीदार हाड जास्त घट्ट, आणि भरून येण्याची घाईही जास्त. म्हणून मेंढीत बारा आठवड्यांत युनियन झालं, म्हणजे हाड जुळलं, की पेपरमध्ये लगेच पेशंटचं बोलायला लागू नका.

कार्टिलेजचं (सांध्यातल्या कूर्चेचं) काम असेल तर मेंढी घेऊच नका, शेळी घ्या. मेंढीच्या गुडघ्यातलं कार्टिलेज जेमतेम ०.४-०.५ मिलिमीटर, शेळीचं साधारण १ मिलिमीटरच्या आसपास आणि माणसाचं २.२ ते २.५. मेंढीत जराशी खोल गेलात की थेट हाडात. घोड्याचं माणसाच्या सगळ्यात जवळ येतं पण घोडा सांभाळायचा कुणी आणि पैसे द्यायचे कुणी.

डुकराचं हाड रिमॉडेलिंगच्या (जुनं हाड झिजून नवीन येण्याच्या) बाबतीत माणसाच्या बरंच जवळ जातं, पण साधं डुक्कर इतक्या वेगाने वाढतं की आज बसवलेली प्लेट चार महिन्यांनी भलत्याच वजनाच्या जनावरात असते. म्हणून बाहेर मिनिपिग वापरतात, यूकाटन किंवा गॉटिंगेन. आपल्याकडे ते मिळवणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट होईल. कुत्र्यांवर जुनं काम भरपूर आहे, पण आज मेंढी-शेळीत होणाऱ्या गोष्टीसाठी कुत्रा मागितलात तर परवानगी देणारी कमिटी पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे.

आता आपल्या मातीतली अडचण. परदेशी पेपरमधली मरिनो मेंढी भारी असते, आपली दख्खनी मेंढी तीसेक किलोची, उस्मानाबादी शेळीही तेवढीच. पेपरमध्ये ४.५ मिमीची ब्रॉड प्लेट वाचून तुम्ही तीच आणता आणि इथे हाडच प्लेटपेक्षा फार रुंद नसतं. आधी एक्सरे काढा, हाडाच्या आतली पोकळी (कॅनाल) मोजा, मग इम्प्लांट ठरवा. माडग्याळ जातीच्या मेंढ्या अंगाने मोठ्या असतात, मिळाल्या तर बघा.

३. वय दातावरून, पण खात्री एक्सरेवरून

बाजारात कुणी तुम्हाला जन्मतारीख देणार नाही. धनगर तोंड उघडून सांगतो दोन दाती, चार दाती, जुळलेली. दोन दाती म्हणजे साधारण दीड वर्षाच्या आतबाहेर, चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सगळे आठ आले की जुळलेली, म्हणजे चारेक वर्षं. टिबियाच्या वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा पट्टा) उशिरा मिटते त्यामुळे दोन दाती जनावर फ्रॅक्चर हीलिंगला घेऊन पूर्ण वाढलेलं मॉडेल म्हणून छापू नका, रिव्ह्यूअर एक्सरे मागतो. सगळ्यांचं वय एका पट्ट्यात ठेवा. माद्या घेतल्या तर गाभण नाहीत ना हे सोनोग्राफीने बघा, एक तर प्रयोग बिघडतो आणि दुसरं म्हणजे क्यू फीव्हर, जनावरांकडून माणसाला होणारा संसर्ग, मेंढी विताना तो तुमच्या टीमला होऊ शकतो. नर घ्यायचे तर खच्ची केलेले बरे, नाहीतर बोकडाचा वास आणि टकरा दोन्ही सांभाळा. टकरा म्हणजे प्लेटवर किती लोड हे वेगळं सांगायला नको.

४. डिफेक्ट किती आणि जनावरं किती

आपोआप न भरणारी गॅप, म्हणजे क्रिटिकल साइझ डिफेक्ट, साधारण हाडाच्या व्यासाच्या दोन ते अडीच पट धरतात. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रुपने मरिनोच्या टिबियात ३ सेंटिमीटरची गॅप वापरली आणि तो आकडा आता सगळे डोळे मिटून उचलतात. तुमची मेंढी निम्म्या मापाची असेल तर ३ सेंटिमीटर म्हणजे केवढी गॅप याचा विचार करा. आणि पेरिऑस्टियमचं, म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणाचं, काय केलं ते लिहून ठेवा, तो राहिला तर मेंढी ती गॅप स्वतःच भरून टाकते आणि तुमचा कंट्रोल ग्रुपच बरा होतो, मग बसा.

रिकाम्या डिफेक्टचा एक ग्रुप आणि स्वतःच्या हाडाच्या ग्राफ्टचा एक ग्रुप, हे दोन्ही असल्याशिवाय तुमचं स्कॅफोल्ड चांगलं की वाईट ते कळत नाही. आकडा स्टॅटिस्टिक्सवाल्याला विचारून काढा, ऑपरेशनच्या आधी. दोन्ही पायांवर एकदम सर्जरी करून जनावरं निम्मी करायची आयडिया प्रत्येकाला येते. वजन पेलणाऱ्या हाडात ती करायची नाही, कारण वर सांगितलंय.

५. कागद

१९६०चा प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आणि १९९८चे प्रयोगांचे नियम, यावर सगळं उभं आहे. तुमची संस्था सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीकडे, नोंदलेली पाहिजे (जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, तीच). प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरायचा, तो आधी संस्थेच्या आयएईसीपुढे (प्राणी-प्रयोगांच्या नीतिसमितीपुढे) जातो. उंदीर-सशाचं तिथेच मिटतं, मोठ्या जनावराचं प्रपोजल शिफारशीसह दिल्लीला जातं. यात महिने जातात. एमएसला (सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीला) तीन वर्षं असतात, सिनॉप्सिस पहिल्या काही महिन्यांत, त्यात परवानगी, जनावरं, एक वर्ष फॉलोअप आणि हिस्टॉलॉजी (मायक्रोस्कोपखालची तपासणी) हे बसतच नाही. तेव्हा एमएसच्या थीसिसला गाइडच्या आधीच मंजूर असलेल्या प्रोजेक्टचा एक तुकडा घ्या, अख्खी मेंढी डोक्यावर घेऊ नका.

फॉर्ममध्ये लोक सगळ्यात कमी लिहितात ते म्हणजे वेदनाशामकाचा प्लॅन आणि ह्यूमेन एंडपॉइंट, आणि कमिटी सगळ्यात जास्त तेच वाचते. "गरज पडल्यास पेनकिलर" हे वाक्य खोडा. कुठलं औषध, किती तासांनी, किती दिवस, कोण देणार, आणि काय दिसलं की जनावराला प्रयोगातून काढायचं, असं लिहा. आपल्याकडे तीन आरच्या (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) पुढे चौथा आर आहे, रिहॅबिलिटेशन, तेव्हा प्रयोग संपल्यावर जगणाऱ्या जनावराचं काय, त्याचा खर्च बजेटमध्ये पाहिजे.

भुलेचं केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, आहे, लायसन्स आणि रजिस्टर लागतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेडिकलमध्ये जाऊन मिळेल असं समजू नका.

६. खाटकाकडे प्रॅक्टिस

ही पायरी कुठल्या गाइडलाइनमध्ये सापडणार नाही. मटणात तुम्ही जी नळी चोखून खाता ना, तीच तुमची सर्जिकल फील्ड. ओळखीच्या खाटकाला सांगा मागचा पाय अख्खा पाहिजे, तोडायचा नाही, गुडघ्यासकट. आठ-दहा पायांवर प्लेट लावून, गॅप कापून बघा. पहिल्यांदा बघणारा हमखास चुकतो ते गुडघ्यात, मागच्या पायाचा जो उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो घोटा आहे, खरा गुडघा वर पोटाला चिकटून असतो. टिबियाच्या आतल्या बाजूला कातडीखाली जवळजवळ काहीच नसतं, माणसासारखंच, त्यामुळे प्लेट जाड असली की टाके ताणतात. हे खाटकाच्या पायावर कळलेलं बरं.

७. जनावरं आली

आठवडी बाजारातून टेम्पो भरून आणायची नाहीत. कुठून आणणार ते फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, आणि नोंदी असलेला कळप मिळाला तर वय, लसीकरण, आजार सगळं माहीत असतं. आल्यावर दोन-तीन आठवडे तरी वेगळी ठेवा. जंतनाशक, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस झालीय का ते बघा, तोंडावर मावा (फोड-खपल्या) आहे का, खुरं सडलीत का, आधीपासून कुणी लंगडतंय का. या दिवसांत रोज हाताने खुराक द्या. माणसाची सवय झालेली मेंढी ऑपरेशननंतर ड्रेसिंगला शांत उभी राहते, न झालेली भिंतीवर उडी मारते. पण खुराक एकदम वाढवू नका, धान्य जास्त झालं की पोट बिघडतं आणि सर्जरीच्या आधीच जनावर आडवं.

एकटी मेंढी कधीच ठेवू नका. कधीच. समोर दुसरी दिसली पाहिजे.

८. उपास आणि भूल

माणसाचा उपास रात्री बारापासून. मेंढीचं पोट म्हणजे आंबवायची टाकी, एका रात्रीत ती रिकामी होत नाही. चारा साधारण २४ तास बंद, पाणी शेवटचे काही तास, नक्की किती ते तुमच्या भूलवाल्याशी ठरवा. तरीही पोट फुगतं, कारण आडवं झोपवल्यावर ढेकर निघत नाही. श्वासनळीतली ट्यूब फुग्याची (कफवाली), पोटात एक जाड नळी, आणि मानेखाली उशी देऊन तोंड खाली उतरतं ठेवायचं, कारण लाळ थांबत नाही. मेंढी दिवसाला ६ ते १६ लिटर लाळ करते, भुलेतही ती चालूच असते, खाली बादली ठेवा. हसू येईल पण पहिल्या केसला तुमचे बूट भिजतील.

गुंगीचं झायलाझीन सगळ्या गोठ्यांत असतं म्हणून ते उचलून देऊ नका. रवंथ करणारी जनावरं त्याला फार हळवी, मेंढीत तर फुप्फुसात पाणी होऊन ऑक्सिजन पडतो. मी बेन्झोडायझेपिन, केटामाइन किंवा प्रोपोफॉल आणि मग आयसोफ्लुरेन या रस्त्याने जातो, सोबत एपिड्युरल. डोस मुद्दाम लिहीत नाही, जनावरांचा भूलतज्ज्ञ टेबलाशेजारी उभा असल्याशिवाय ही केस करायचीच नाही.

आणि ऑर्थोवाल्यांनो, हात आपोआप डायक्लोफेनॅक लिहितो हे मला माहितीय. जनावरांत ते २००६ पासून बंद आहे, गिधाडं मरतात म्हणून, आणि २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्झिकॅम वापरा.

९. ऑपरेशन

यावर फार लिहित नाही, तुम्हाला येतं. फक्त लोकर. अख्खा पाय कातरा, कमरेपर्यंत, लोकरीत तेलकटपणा असतो त्यामुळे एका स्क्रबने काही होत नाही, तीन-चार वेळा. खूर ग्लोव्हमध्ये घालून वर बँडेज. शेपूट बांधा. मधेच मेंढी लेंड्या टाकणार आहे हे गृहीत धरून ड्रेपिंग करा.

स्क्रूचं भोक पाडून तो स्क्रू न घालता सोडू नका. रिकामं भोक म्हणजे तिथून हाड फुटणार.

१०. पहिले तीन दिवस

माझ्या सुरुवातीच्या एका प्रोजेक्टमध्ये सगळं छान झालं होतं, एक्सरे बघून सर्जन खूश, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक मेंढी पाय लोंबकळत उभी. शेवटच्या स्क्रूच्या भोकातून टिबिया फुटली होती. कारण काय तर शेडमध्ये चकचकीत फरशी, रात्री कुणीतरी पाणी मारून धुतलेली. इम्प्लांटवर लाखभर खर्च केला आणि रबर मॅट आणायची राहिली. तिला त्याच दिवशी शांतपणे संपवावं लागलं. तेव्हापासून मी ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी शेडमध्ये जाऊन बूट घासून बघतो.

तेव्हा, जमीन खरखरीत, वर जाड कोरडं अंथरूण, पेन छोटा म्हणजे पळता येणार नाही, शेजारी दुसरी मेंढी दिसेल असं. भुलेतून उठताना कुशीवर पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या लावा, ढेकर निघाली की अर्धं काम झालं. काही ठिकाणी झोळीत टांगून ठेवतात, ज्यांना सवय केली त्यांना चालतं, नाहीतर ती झोळीतच झटापट करते.

दुखणं कसं ओळखायचं? मेंढी ओरडत नाही. ज्याची शिकार होते अशा कळपातल्या जनावराने दुखणं दाखवलं तर लांडगा तिलाच निवडणार, तेव्हा ती लपवते. तुम्ही दारात उभे असताना सगळ्या ठीक दिसतात. म्हणून लांबून, तिला न कळता बघा. दात खातेय का, कान मागे पडलेत का, डोळे अर्धे मिटलेत का, गव्हाणीकडे शेवटी येतेय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रवंथ चालू आहे का. रवंथ करत निवांत बसलेली मेंढी दिसली की मी घरी जातो. चेहऱ्यावरून मार्क द्यायचे स्केल आहेत, ते शिका, पण रात्रीचा जो माणूस शेडमध्ये असतो त्यालाही शिकवा कारण तुम्ही तिथे नसणार. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचा असर मेंढीत लवकर उतरतो, दिवसातून दोनदा दिलं म्हणजे झालं असं नाही.

११. पुढचे महिने

एक्सरे चार, आठ, बारा आठवड्यांना, नेहमी त्याच पोझिशनला, वाचणाऱ्याला ग्रुप माहीत नसावा. मोठ्या डिफेक्टला बारा आठवडे कमी पडतात, कार्टिलेजला तर वर्ष धरूनच चाला.

हाड कधी तयार झालं हे कळायला मधे कॅल्सीन, झायलेनॉल ऑरेंज, ऑक्सिटेट्रासायक्लिन असे रंग देतात, ते नवीन हाडात बसतात आणि मायक्रोस्कोपखाली चमकतात. आता गंमत. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे गोठ्यातलं सगळ्यात कॉमन अँटिबायोटिक आहे. एखादी मेंढी शिंकली, अटेंडंटने प्रेमाने एक इंजेक्शन टोचलं, आणि सहा महिन्यांनी तुमच्या स्लाइडवर एक अख्खी पिवळी रेघ जास्त. शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा, मला विचारल्याशिवाय कुठलंही इंजेक्शन नाही.

१२. शेवट आणि सॅम्पल

हाड मशीनवर पिळून ताकद बघायची असेल तर फॉर्मलिनमध्ये टाकू नका, सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून उणे २० ला. हिस्टॉलॉजी करायची असेल तर उलटं, लगेच फिक्स. प्लेट काढताना हळू, नवीन हाड तिच्यावर चढलेलं असतं आणि घाईत तुम्ही वर्षाचं काम तोडता. रंग दिले असतील तर हाड डीकॅल्सिफाय (कॅल्शियम काढून मऊ) करायचं नाही, रंग धुऊन जातात, प्लास्टिकमध्ये एम्बेड करून करवतीने कापावं लागतं. ते करणारी लॅब आणि तिची वेटिंग लिस्ट पहिल्या मेंढीच्या आधी विचारून घ्या. कुठलं जनावर मेकॅनिकलला आणि कुठलं हिस्टॉलॉजीला तेही आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर चांगली दिसणारी हाडं सगळी मशीनवर जातात, हा मोह मी बऱ्याच मोठ्या लोकांत बघितलाय.

देह पिवळ्या कॅटेगरीचा बायोमेडिकल वेस्ट, २०१६च्या नियमांप्रमाणे. उघड्यावर नाही, आणि कितीही कुणी विचारलं तरी मटण म्हणून नाही. विचारतात, म्हणून सांगतोय.

पेपर लिहायला बसाल तेव्हा प्राण्यांवरचे प्रयोग पेपरमध्ये कसे मांडायचे याची अराइव्हची २०२०ची यादी समोर ठेवा, आणि त्या तिसऱ्या दिवशी गेलेल्या मेंढीला टेबलातून वगळू नका. किती घेतल्या, किती गेल्या, का गेल्या, फरशीसकट लिहा.